बारावीनंतर एअरक्रूत जायचंय: वायुदल, नौदल की तटरक्षक दल?

गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला. "मामा, मला पायलट नाही व्हायचं. हेलिकॉप्टरच्या दारात बसून दोरावरून माणसं वर घेतात ना, त्यांच्यात जायचंय. फॉर्म कुठला भरू?" मुलगा बारावी सायन्स झालाय, वय अठरा. त्याला जे सांगितलं तेच इथे नीट मांडतो, कारण हाच प्रश्न घेऊन बसलेली पोरं गावोगावी आहेत आणि त्यांना बहुतेक जण "मिळेल तो फॉर्म भर" एवढंच सांगतात.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. बारावीवरच्या कुठल्याच भरतीच्या जाहिरातीत 'एअरक्रू', म्हणजे उडत्या विमानात-हेलिकॉप्टरमध्ये काम करणारी माणसं, असं पद नसतं. तुम्ही आधी जवान म्हणून भरती होता, मूलभूत प्रशिक्षण होतं, मग कामाची शाखा मिळते. उडत्या विमानातली जागा त्यानंतर येते. त्यासाठी दलातूनच नाव द्यायचं, वेगळी वैद्यकीय तपासणी द्यायची, वेगळा कोर्स करायचा. म्हणून तीन फॉर्मांची तुलना करताना पगाराआधी मी एकच प्रश्न विचारतो: त्या जागेपर्यंत पोहोचायला हे दल तुम्हाला किती वर्षं देतं?

ते काम काय असतं, तेही पाहा. समुद्रात कुणी बुडतंय आणि हेलिकॉप्टर बरोबर त्याच्या डोक्यावर आहे. पायलटला पोटाखालचा माणूस दिसत नाही. दारात गुडघ्यावर बसलेला क्रूमन खाली बघत इंटरकॉमवर पायलटला थोडं पुढे, थोडं उजवीकडे असं सांगत राहतो आणि एका हाताने विंचची (माणूस वर ओढणाऱ्या यंत्राची) तार सांभाळतो. हवेत घोंघावणाऱ्या हेलिकॉप्टरवर स्थिर वीज साठते, म्हणून खाली सोडलेला हुक आधी पाण्याला टेकू द्यायचा आणि मगच धरायचा. घाईने आधी हात घातला तर जोराचा झटका बसतो. मोठ्या मालवाहू विमानात लोडमास्टरचं काम वेगळं: कोणता माल कुठे ठेवायचा, साखळ्यांनी कसा बांधायचा, विमानाचा तोल कुठे राहील याचा हिशोब. वायुदलात याशिवाय फ्लाइट इंजिनिअर आणि फ्लाइट गनर असतात. या जागांवर सार्जंट, कॉर्पोरल, वॉरंट ऑफिसर अशा हुद्द्यांची माणसं बसतात.

आता तीन दारं.

वायुदलाचं दार अग्निवीरवायू, म्हणजे चार वर्षांसाठीची जवान भरती. साडेसतरा ते एकवीस वय, अविवाहित, बारावीला एकूण आणि इंग्रजीत 50 टक्के. सायन्स नसलेल्यांनाही अर्ज करता येतो, हा याचा मोठा फायदा. सायन्सवाल्यांची परीक्षा इंग्रजी, भौतिकशास्त्र आणि गणिताची, चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. पहिल्या वर्षी महिना 30,000 रुपये ठरलेले, पण त्यातले 30 टक्के सेवानिधीत (चार वर्षांनी एकरकमी मिळणाऱ्या निधीत) जातात, हातात 21,000 येतात. चौथ्या वर्षी पॅकेज 40,000 होतं. चार वर्षांनी सेवानिधीचे साधारण दहा लाख मिळतात, पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. आणि तुकडीतल्या जास्तीत जास्त 25 टक्के जणांनाच पुढे कायम घेतलं जातं. जाहिरातीतच लिहिलेलं असतं की कोणतंही काम दिलं जाऊ शकतं आणि कायम होण्याचा हक्क नाही.

माझं मत इथे स्पष्ट आहे. उडणं हेच स्वप्न असेल तर चार वर्षं तोकडी आहेत. प्रशिक्षण, कामाची शाखा, युनिटमधला अनुभव यांतच त्यातला मोठा भाग निघून जातो. पहिल्या 25 टक्क्यांत येण्याची जिद्द असेल तर जरूर जा, पण 'भरती झालो म्हणजे विमानात बसलो' असं घरी सांगू नका.

नौदलाचं दार अग्निवीर एसएसआर (सीनियर सेकंडरी रिक्रूट, म्हणजे बारावीवरची भरती). बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र हवंच. पैसे, चार वर्षं, 25 टक्के हे सगळं वायुदलासारखंच, कारण योजना एकच आहे, 2022 ची अग्निपथ. प्रशिक्षण ओडिशात आयएनएस चिल्काला. नौदलात क्रू डायव्हर (हेलिकॉप्टरमधून पाण्यात उतरणारे) आणि एअर क्रूमन खलाशांमधूनच होतात आणि मुंबईतलं आयएनएस शिक्रा, गोव्यातलं आयएनएस हंसा ही हवाई तळं आपल्याच किनाऱ्यावर आहेत. मे 2021 मध्ये तौक्ते वादळात मुंबईजवळ पी-305 बार्ज (कामगारांची सपाट नौका) बुडाला, तेव्हा नौदलाने खवळलेल्या समुद्रातून माणसं काढली. ते ज्यांनी टीव्हीवर पाहिलं, त्यातल्या कित्येक पोरांचा ओढा तेव्हापासूनच इकडे आहे.

तिसरं दार तटरक्षक दल, आणि याच्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण आपल्याकडे ते फारसं कुणाला ठाऊक नसतं. नाविक (जनरल ड्यूटी) ही भरती अग्निपथमध्ये येत नाही. नोकरी नियमित, मूळ वेतन 21,700 आणि वर भत्ते, बढत्या प्रधान अधिकारी हुद्द्यापर्यंत. वय अठरा ते बावीस, बारावीला गणित-भौतिकशास्त्र. लेखी परीक्षेत दहावीच्या अभ्यासक्रमाचे 60 आणि बारावीचे 50 गुण, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. मैदानी चाचणीत 1.6 किलोमीटर सात मिनिटांत, वीस बैठका, दहा पुशअप. पहिलं प्रशिक्षण इथेही चिल्कालाच.

इथे तुमच्या हाताशी वर्षं असतात. एखादी संधी हुकली तरी पुढच्या वेळी पुन्हा नाव देता येतं, आणि मधल्या काळात जहाजावरचा अनुभव फुकट जात नाही. या दलाचं रोजचं कामच शोध आणि बचाव आहे. रत्नागिरी, दमण, गोवा इथे त्यांची हवाई ठाणी आहेत. कोकणातल्या मच्छीमार घरातल्या पोराला समुद्र कळतो, त्याने तर हाच फॉर्म आधी भरावा असं मला मनापासून वाटतं.

एक खंत मात्र आहे. नाविक भरती फक्त मुलांसाठी आहे. मुलींना अग्निवीरवायू आणि नौदलाची दारं उघडी आहेत. मुलगी बारावीला गणित-भौतिकशास्त्र घेऊन एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची प्रवेश परीक्षा) देऊ शकत असेल, तर मी तिला आधी तोच अभ्यास करायला सांगेन. 2021 पासून ती परीक्षा मुलींना देता येते आणि नाशिकला मुलींसाठी सरकारी सैनिकी सेवा पूर्व शिक्षण संस्थाही आहे. मुलांसाठीची अशी संस्था छत्रपती संभाजीनगरला 1977 पासून आहे. एनडीएतून फ्लाइंग शाखेत गेलात तर पायलटच होता, आणि त्यासाठी उंची किमान 162.5 सेंटीमीटर लागते. मात्र एनडीएची वयोमर्यादा लवकर संपते, कोर्स सुरू होताना वय साडेएकोणीसच्या आत हवं.

घरच्यांना धोकाही सांगायलाच हवा. 27 फेब्रुवारी 2019 ला बडगामला वायुदलाचं एमआय-17 हेलिकॉप्टर पडलं, त्यातले सहाही जण गेले. नाशिकचे स्क्वॉड्रन लीडर निनाद मांडवगणे त्यात होते, आणि त्यांच्यासोबत सार्जंट, कॉर्पोरल हुद्द्याचे जवानही होते. जानेवारी 2025 मध्ये पोरबंदरला सरावाच्या उड्डाणात तटरक्षक दलाचं हेलिकॉप्टर कोसळलं, दोन पायलट आणि एक क्रूमन गेले. यात दल बदलून काही फरक पडत नाही. दारात बसणाऱ्याचा धोका पायलटइतकाच असतो.

भाच्याचं आम्ही असं ठरवलं: नाविकची जाहिरात येईल तेव्हा पहिला अर्ज तिथे, सोबत अग्निवीर एसएसआर. अग्निवीर म्हणून चार वर्षं झाली आणि पुढे घेतलं नाही, तरी तटरक्षक दलाच्या भरतीत माजी अग्निवीरांसाठी 10 टक्के आरक्षण जाहीर झालेलं आहे, म्हणजे रस्ता बंद होत नाही. रंग ओळखण्याची तपासणी त्याने आधीच डोळ्यांच्या डॉक्टरांकडून करून घ्यायची, कारण तिथे अडलं तर उडण्याचा विषयच मिटतो. आणि विहिरीत सूर मारता येणं म्हणजे पोहणं नव्हे, हेही सांगितलं. आता तो रोज पहाटे तालुक्याच्या तलावावर जातो. काल म्हणाला, "मामा, चारशे मीटर न थांबता झालं."