गंगावेशीचा दूध कट्टा, कोल्हापूर: मॅच लांबली त्या पहाटेची गोष्ट

१५ जुलै २०२४, सोमवार. मध्यरात्री साडेबाराला सुरू झालेली युरो कपची फायनल स्पेननं इंग्लंडला २-१ हरवून काढली होती. पहाटे साडेपाचला कोपा अमेरिकेची फायनल होती, अर्जेंटिना विरुद्ध कोलंबिया. मधल्या वेळात झोपायचा प्रश्नच नव्हता. आमच्या फुटबॉलच्या ग्रुपवर सगळे टक्क जागे होते. आम्ही आठ जण, २०२२ च्या वर्ल्ड कपच्या वेळी ओळख झालेले. एकमेकांना गावाच्या नावानंच हाक मारतो: नागपूर, नाशिक, दुबई, आणि मी कोल्हापूर. तिकडे मायामीच्या स्टेडियमबाहेर गर्दीचा गोंधळ उडाला आणि मॅच पुढं पुढं जायला लागली. नुसतं टीव्हीकडं बघत किती बसणार? मी ग्रुपवर टाकलं, "कट्ट्यावर जाऊन दूध पिऊन आलो," पितळी पेला घेतला आणि छत्री उघडली.

लगेच नागपूरचा मेसेज. "काऊन, इतक्या पहाटे कोणता कट्टा? आणि 'आलो' काय म्हणतेस, 'आले' म्हण नं." आम्हा कोल्हापूरच्या बायका 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतो, हे त्याला दोन वर्षांत शंभरदा सांगून झालंय. कट्ट्याचं मात्र कधी नीट सांगितलं नव्हतं. तेच इथं लिहिते.

गंगावेशीत रस्त्याच्या कडेला गवळी म्हशी घेऊन उभे असतात. दूध पिशवीत नाही, कॅनमध्ये नाही, अजून म्हशीच्या कासेतच असतं. तुम्ही जाऊन उभं राहायचं, सांगायचं, की तुमच्या डोळ्यांदेखत धार काढून पेला हातात. पाणी घातलंय का, पावडर मिसळलीय का, हा संशय घ्यायला जागाच नाही. सचोटीचं दूध म्हणजे काय, ते मला इथं कळलं.

मी ज्यांच्याकडं जाते ते मामा साठीच्या पुढचे आहेत. त्यांची म्हैस पंढरपुरी, शिंगं खांद्याच्याही मागं गेलेली, लांबलचक. मामा आधी कास पाण्यानं धुतात, फडक्यानं कोरडी करतात आणि सडांवरून अंगठा फिरवत तिच्याशी बोलत राहतात. "चल गं बाई, सोड." एक-दोन मिनिटं काहीच होत नाही. मग ती मान खाली घालते, रवंथ थांबतो, पान्हा सुटतो. पहिल्या धारा चरवीच्या तळावर कडक वाजतात. जसजसा फेस चढतो तसा तो आवाज मऊ होत जातो आणि शेवटी नुसती घुसळल्यासारखी घरघर उरते. मला डोळे मिटूनसुद्धा सांगता येतं, चरवी कितपत भरली ते. गिऱ्हाईक येईल तसं मामा थोडं थोडं काढतात, मध्ये थांबतात, पुन्हा बसतात. "दुसरी जनावरं अशी मधेच थांबून परत देत नाहीत, ही देती," हे सांगताना त्यांचा हात तिच्या पाठीवर असतो.

आता चव. धारोष्ण दूध पहिल्यांदा पिणाऱ्याला दचकायला होतं, कारण ते ना गरम, ना गार. अंगाइतकं कोमट. वर बोटभर फेस, तो आधी ओठांवर विरतो आणि मग खालचं दाट दूध येतं. म्हशीच्या दुधात फॅट साधारण सहा-सात टक्के, गाईच्या दुधापेक्षा पुष्कळ जास्त, त्यामुळे ते दाट, आणि साखर न घालताही गोडसर लागतं. वास थोडा जनावराचा येतो. तो नको असेल तर हे दूध तुमच्यासाठी नाही. मला तो वास लहानपणापासून घरचा वाटतो. वडील तालमीतून येताना मला खांद्यावर बसवून इथंच आणायचे. गंगावेश तालीम जवळच, आणि मेहनत करून आलेले पैलवान आजही इथं पेल्यावर पेला रिचवताना दिसतात. शाहू महाराजांनी खासबागेचं कुस्ती मैदान बांधून घेतलं त्या गावात दुधाला मान असणारच.

एक गोष्ट मनापासून सांगते. हे दूध कच्चं असतं. गरोदर बायका, लहान मुलं, आजारातून उठलेली माणसं, यांना इथं उभ्या उभ्या पाजू नका. कच्च्या दुधातून आजार होऊ शकतात, म्हशीवर कितीही विश्वास असला तरी. घरून किटली घ्या, दूध भरून न्या, उकळून द्या. माझ्या आईला मी तसंच देते, आणि साय इतकी जाड येते की चमच्यानं उचलावी लागते. बाकी दर पिशवीच्या दुधापेक्षा जास्त, तो आधी विचारून घ्यावा. जागा जनावरांची आहे, पावसाळ्यात घसरडं होतं, तेव्हा जुनी चप्पल. पेला शक्यतो घरचा न्या.

त्या सोमवारी मी परत येईपर्यंतही मॅच सुरू झाली नव्हती. फेसानं भरलेल्या पेल्याचा फोटो टाकला, आणि मग फायनलचं राहिलं बाजूला. नागपूरनं तर्री पोह्यांची बाजू लावून धरली, नाशिकनं मिसळीची, दुबईनं कडक चहाची. पावणेसातनंतर मॅच लागली, दुसऱ्या हाफात मेस्सी रडत बाहेर गेला, ११२ व्या मिनिटाला लाउतारो मार्टिनेझनं गोल मारला आणि मी तशीच न झोपता बँकेत जाऊन काउंटरवर बसले. दिवसभर भूक लागली नाही.

पुढच्या थंडीत नागपूर खरंच आला. दोन वर्षं रोज बोलत होतो, तोंड पहिल्यांदा बघितलं. पहाटे रंकाळ्याला फेरी मारली. धुकं पाण्यावर टेकलेलं, चालणाऱ्यांची गर्दी, आणि हा पूर्णवेळ विदर्भाच्या रणजी टीमबद्दल बोलत होता. तिथून चालत गंगावेशीत आलो. मामांनी पेला पुढं केला. त्यानं वास घेतला, माझ्याकडं बघितलं, एक घोट घेतला आणि पंधरा-वीस सेकंद रणजी बंद. मग पेला संपवला, पुन्हा पुढं केला आणि मामांना म्हणाला, "अजून एक द्या नं काका." मामा हसत पुन्हा म्हशीखाली बसले. मिशीला फेस तसाच ठेवून त्यानं फोटो काढायला लावला, तो अजून ग्रुपचा डीपी आहे.

कोल्हापुरात आलात तर अंबाबाईचं दर्शन घ्याल, मिसळ खाल, ते सगळे सांगतातच. देवळापासून गंगावेश चालत जाण्यासारखी आहे. मी पहाटे जाते, आणि तुम्हालाही पहाटच सुचवेन. गर्दी कमी असते, गवळ्यांना बोलायला वेळ असतो आणि धारेचा आवाज ऐकू येतो.

आता नाशिकची यायचं म्हणतेय. तिच्यासाठी दुसरा पितळी पेला चिंचेनं घासून ठेवलाय.