कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजात ग्राफिक डिझाइन: पैसे कुठे वसूल होतात आणि कुठे नाही

बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, राहून डिझाइन शिकायचं असेल तर खासगी आर्ट कॉलेजची फी बघून मागे फिरू नका, आधी जवळचं कम्युनिटी कॉलेज, म्हणजे दोन वर्षांचं सरकारी कॉलेज, बघा. राज्याच्या रहिवाशांना सेमिस्टर पद्धतीच्या कॉलेजात एका युनिटला ४६ डॉलर पडतात. फूटहिल आणि डी अँझा इथे क्वार्टर पद्धत आहे, तिथे एका युनिटला ३१ डॉलर. दोन वर्षांच्या असोसिएट डिग्रीला ६० सेमिस्टर किंवा ९० क्वार्टर युनिट लागतात, म्हणजे शिकवणीचा खर्च कुठेही २,८०० डॉलरच्या आतच राहतो. आरोग्य शुल्क, पार्किंग आणि सामान वेगळं. अडोबीचं सबस्क्रिप्शन घेण्याआधी विभागात विचारा: काही ठिकाणी कॉलेजच ते देतं, काही ठिकाणी लॅबमधल्या मॅकवरच काम उरकता येतं.

हा दर मिळायला रहिवासी ठरावं लागतं. टर्म सुरू होण्याआधी एक वर्ष आणि एक दिवस राज्यात वास्तव्य हवं, आणि इथेच राहायचा इरादा कागदोपत्री दिसायला हवा. एच-४ व्हिसा (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराचा) याच्या आड येत नाही, एफ-१ (विद्यार्थ्याचा) मात्र येतो. आपल्याकडे नेहमी अडतं ते कागदांवर, कारण घरभाड्याचा करार, वीजबिल, बँक खातं सगळं नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नावावर असतं. लायसन्स, राज्याचा टॅक्स रिटर्न, बँकेचं पत्र यांवर स्वतःचं नाव वर्षभर आधीच आणून ठेवा. अर्ज भरल्यावर 'नॉन-रेसिडेंट' असा शेरा आला तर तो अंतिम समजू नका. अॅडमिशन्स ऑफिसात कागद दाखवून तो बदलून मिळतो, पण टर्मच्या तारखेआधी.

आता शिकण्याबद्दल. सॉफ्टवेअरची बटणं कुठूनही शिकता येतात. त्यासाठीच कॉलेजात जाणार असाल तर वेळ वाया जाईल. इथली खरी कमाई तीन गोष्टींची आहे: टायपोग्राफी, छपाईची तयारी आणि क्रिटीक. भिंतीवर वीस पोस्टर टाचलेली असतात आणि तुमच्या पोस्टरवर नजर आधी कुठे गेली, ते समोरचा माणूस सांगतो. हे घरी एकट्याने होत नाही. वर्गात अठरा वर्षांची मुलं असतात तसे पन्नाशीतले नोकरदारही असतात, त्यामुळे मतं खरोखर वेगवेगळी येतात.

क्रम चुकवू नका. आधी टू-डी डिझाइन आणि रंग, सोबत इलस्ट्रेटर (अडोबीचं चित्रं काढायचं सॉफ्टवेअर), मग टायपोग्राफी, मग इनडिझाइन (पानांच्या मांडणीचं). पास झालेला कोर्स सहसा पुन्हा घेता येत नाही. म्हणून हात कच्चा असताना टायपोग्राफी उरकून टाकणं सगळ्यात महागात पडतं. पुढचे कोर्स अनेकदा वर्षातून एकदाच लागतात, एक हुकला की डिग्री वर्षभर पुढे जाते. वेटलिस्टवर असाल तरी पहिल्या तासाला हजर राहा. पहिल्याच दिवशी न आलेल्यांची नावं कमी होतात आणि त्या जागा तिथे बसलेल्यांना मिळतात. मुंबईच्या जे.जे. किंवा पुण्याच्या अभिनवमधून उपयोजित कला शिकून आलेल्यांनी पायाभूत कोर्स परत करू नयेत. पोर्टफोलिओ दाखवून 'प्रीरिक्विझिट चॅलेंज'चा, म्हणजे आधीच्या कोर्सची अट काढून घेण्याचा, फॉर्म भरावा.

सामानात कंजूसी नको: ११ नंबरच्या पात्यांचा सुरा, कटिंग मॅट, मागे कॉर्क लावलेली स्टीलची पट्टी. फोम बोर्ड कापताना पट्टी चित्रावर ठेवा, म्हणजे सुरा घसरला तरी टाकाऊ बाजूला जातो. पहिला हात फक्त वरचा कागद चिरेल इतकाच हलका, मग आणखी दोन-तीन. एकाच दमात जोर लावला की पातं वाकतं आणि कड तिरकी येते. कड फाटून आतला फेस दिसायला लागला की पातं बोथट झालंय, ते लगेच बदला.

छपाईत नवख्यांचे घोटाळे ठरलेले असतात. काळा मजकूर चार रंगांत जातो आणि अक्षरांच्या कडांना रंगीत सावली दिसते. बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवा. स्क्रीनवरचा झगझगीत निळा सीएमवायकेत (छपाईच्या चार शायांत) जांभळट किंवा मळकट होतो, म्हणून प्रूफ (नमुन्याची प्रत) आधी काढा. ब्लीड (कापायच्या रेषेबाहेर सोडलेली छपाई) सगळीकडून ०.१२५ इंच. मध्ये पिन मारायची पुस्तिका असेल तर पानांची संख्या चारच्या पटीत हवी. लॅबच्या प्रिंटरवर ती आडव्या कागदावर दोन-दोन पानं लावून काढताना 'फ्लिप ऑन शॉर्ट एज' निवडा, नाहीतर मागची बाजू उलटी येते.

मराठी मजकूर वापरणार असाल तर प्राध्यापकांना हे माहीत असेलच असं नाही. महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवाचं पत्रक करायला घेतलं की 'निमंत्रण' या शब्दातच गडबड दिसते: पहिली वेलांटी 'न'च्या उजवीकडे जाऊन बसते आणि 'त्र' पाय मोडून सुटा होतो. इनडिझाइनमध्ये पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतून 'अडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर' निवडा. इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात 'शो इंडिक ऑप्शन्स' चालू करा. कॅरेक्टर पॅनेलमध्ये भाषा मराठी ठेवा. फाँटमध्ये सोय असेल तर 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे येतात. मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्त' गुगल फाँट्सवर फुकट आहे, सरावाला उत्तम.

उणी बाजू नोकरीची. नुसत्या सर्टिफिकेटवर कुणी दार उघडत नाही, आणि वर्गातल्या सगळ्यांच्या पोर्टफोलिओत तीच ती असाइनमेंट असतात. निम्मे तरी प्रकल्प बाहेरच्या खऱ्या गरजेवर करा, मंडळाचा दिवाळी अंक किंवा ओळखीच्या डब्याच्या व्यवसायाचं पॅकेजिंग चालेल. एच-४ वर ईएडी (काम करायचा परवाना) नसेल तर पगारी इंटर्नशिप करता येत नाही, तेव्हा तो भाग गृहीत धरू नका. पुढे सीएसयू किंवा यूसीला (राज्याच्या विद्यापीठांत) जायचं असेल तर पहिल्या टर्मलाच 'असिस्ट' या संकेतस्थळावर कोणता कोर्स कशाऐवजी धरला जातो ते बघा. स्टुडिओचे काही कोर्स तिकडे फक्त ऐच्छिक म्हणून मोजले जातात.