गॅलरी पडली, आणि दोघांनीही हात वर केले

देवगड तालुक्यातलं आमचं जुनं चिऱ्याचं घर पाडून नवीन स्लॅबचं बांधलं. दुसऱ्याच पावसाळ्यात, जुलैच्या एका दुपारी, वरची गॅलरी भिंतीलगत मोडून खाली आली. खाली लावलेली स्कूटर चेपली. दहा मिनिटांपूर्वी आई तिथेच ओल्या छत्र्या वाळत घालत होती.

ठेकेदार म्हणाला, "मी ड्रॉइंगप्रमाणा काम केलंय, इंजिनिअराक इचारा." इंजिनिअर म्हणाले, "माझी सही फक्त प्लॅनवर. साइटवरची देखरेख माझ्याकडे नव्हतीच." इथे मला धक्का बसला, कारण देखरेखीचे म्हणून ठेकेदाराने माझ्याकडून 25 हजार वेगळे घेतले होते. प्रत्येक स्लॅबला साहेब येतात असं सांगायचा. साहेब एकदाही आले नव्हते. पैसे त्याच्याच खिशात गेले.

ओळखीतून एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्राध्यापकांना आणलं. मोडलेल्या कडेला त्यांनी टेप धरला. भिंतीबाहेर अधांतरी काढलेल्या गॅलरीत ताण वरच्या बाजूला येतो, म्हणून मुख्य सळ्या वरच हव्यात. आमच्या 5 इंची स्लॅबमध्ये त्या वरून साडेतीन इंच खाली सापडल्या. काँक्रीट ओतताना मजूर जाळीवर चालले, खाली आधाराला चेअर (सळ्या उचलून धरणारे लोखंडी टेकू) नव्हत्या, सळ्या दबल्या. ही बांधकामाची चूक. मग त्यांनी ड्रॉइंग उघडलं. गॅलरी 5 फूट बाहेर आणि सळ्या घराच्या स्लॅबमध्ये जेमतेम 1 फूट आत दाखवलेल्या. ही डिझाइनची चूक. म्हणजे दोघंही दोषी, आणि दोघंही एकमेकांकडे बोट दाखवून मोकळे.

आमच्याच जिल्ह्यात मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा 4 डिसेंबर 2023 ला उभा राहिला आणि 26 ऑगस्ट 2024 ला कोसळला. तेव्हा शिल्पकार आणि संरचना सल्लागार, दोघांवरही गुन्हा दाखल झाला. मला वाटलं, आपलंही तसंच होईल. पण स्वतःच्या जागेत बांधून घेतलेल्या घराला महारेराचा (बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा) 5 वर्षांच्या दोषदुरुस्तीचा नियम लागत नाही. तो बिल्डरने विकलेल्या फ्लॅटसाठी आहे. आमच्यासाठी रस्ता ग्राहक आयोगाचा, तोही 2 वर्षांच्या आत.

ओरोसला जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. ठेकेदाराच्या वकिलाने पहिलाच कागद काढला तो माझ्याच सहीचा: "काम समाधानकारक झाले, कोणतीही तक्रार नाही." शेवटचा हप्ता देताना बँकेला लागेल म्हणून त्याने तो सही करून घेतला होता. बँकेने असं पत्र कधी मागितलंच नव्हतं. ते न वाचता सही केल्याचा राग मला अजून येतो. पत्राने आतला दोष धुऊन निघत नाही असं आमचे वकील म्हणतात, पण त्यावरच तीन तारखा गेल्या.

तुमचं काम चालू असेल तर देखरेखीचे पैसे थेट इंजिनिअरला द्या आणि किती वेळा येणार ते त्यांच्याकडून लिहून घ्या. स्लॅबच्या आदल्या दिवशी सळ्यांना टेप लावून फोटो काढा. माझ्याकडे असा एकही फोटो नाही.

त्याच ठेकेदाराचं काम आता खालच्या वाडीत सुरू आहे. काल मी तिथे गेलो. घरमालकीणबाईंना आमच्या गॅलरीचे फोटो दाखवले आणि त्यांच्या सेंट्रिंगवर चढून टेप धरला. जाळी तळाला टेकलेली होती. गुरुवारी ठरलेला स्लॅब त्यांनी थांबवला.