दूरशिक्षणाने साथरोगशास्त्र: लंडनच्या एका पदव्युत्तर अभ्यासक्रमाविषयी

वैद्यकीय महाविद्यालयात संख्याशास्त्राचे काम करणाऱ्याकडे प्रबंधाच्या दिवसांत निवासी डॉक्टर एकच मागणी घेऊन येतात: मास्टर चार्ट (सगळ्या रुग्णांच्या नोंदींचा तक्ता) तयार आहे, तेवढी पी-व्हॅल्यू (प्रत्यक्षात फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) काढून द्या. अशी बरीच वर्षे गेल्यावर, आपण गणित बरोबर करून प्रश्न मात्र चुकीचा सोडवत आहोत की काय, अशी शंका येऊ लागली आणि मी लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनच्या साथरोगशास्त्रातील दूरशिक्षणाच्या एम.एस्सी.ला प्रवेश घेतला. पदवी लंडन विद्यापीठाची मिळते. (साथरोगशास्त्र म्हणजे एपिडेमिऑलॉजी, लोकसमूहात आजार कोणाला, किती आणि का होतात याचा अभ्यास. हा आपला शब्द जरा फसवाच आहे, कारण रक्तदाबाची किंवा अपघातांची साथ नसते, तरी त्यांचा अभ्यास याच शास्त्रात होतो.)

या अभ्यासक्रमाची खरी किंमत मला कळली ती केस-कंट्रोल अभ्यासाच्या भागात, म्हणजे आजार असलेले आणि नसलेले असे दोन गट निवडून त्यांच्या आधीच्या सवयींची तुलना करण्याच्या पद्धतीत. तो वाचताना मी याच संस्थेतील प्राध्यापक ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल आणि रिचर्ड डॉल यांचा धूम्रपानावरील १९५० सालचा शोधनिबंध पुन्हा उघडला. त्यात फुप्फुसाच्या कर्करोगाचे ६४९ पुरुष आणि तुलनेसाठी इतर आजारांचे ६४९ पुरुष होते. धूम्रपान न करणारे पहिल्या गटात २, तर दुसऱ्या गटात २७. आमच्याकडील सवयीप्रमाणे धूम्रपान करणाऱ्यांपैकी कर्करोग किती जणांना आणि न करणाऱ्यांपैकी किती जणांना, अशी टक्केवारी काढली, तर ती ५१ आणि ७ येते, म्हणजे धोका सुमारे सातपट. पण इथे निम्म्या पुरुषांना कर्करोग आहे तो केवळ संशोधकांनी तसे निवडले म्हणून. तुलनेचा गट त्याच प्रमाणात दुप्पट केला, तर हीच ‘सातपट’ साडेनऊपट होते. ऑड्स रेशो (पहिल्या गटातील धूम्रपान करणारे आणि न करणारे यांच्या गुणोत्तराला दुसऱ्या गटातील तशाच गुणोत्तराने भागून येणारा आकडा) मात्र दोन्ही वेळा १४च राहतो. ऑड्स रेशोचे सूत्र मला विद्यार्थिदशेपासून पाठ होते, पण ते का वापरायचे हे इतक्या उशिरा उमगले, याची थोडी लाजही वाटली.

संगणकावरचे काम स्टेटा या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमध्ये होते. एक्सेलमध्ये रमलेल्याला सुरुवातीला आज्ञा लिहून काम करणे जड जाते, परंतु केलेली प्रत्येक पायरी फाइलमध्ये नोंदलेली राहते आणि गाईडने सहा महिन्यांनी ‘हा आकडा कुठून आला?’ असे विचारले तरी उत्तर देता येते.

वेळेचा हिशेब प्रवेशापूर्वीच करावा. एम.एस्सी.ला १८० क्रेडिट लागतात आणि एका क्रेडिटला सुमारे १० तास धरले जातात, म्हणजे एकूण १,८०० तास. कमाल मुदत पाच वर्षांची आहे. ती पूर्ण वापरली तरी आठवड्याला सात तास लागतात आणि दोन वर्षांत संपवायचे म्हटले तर सतरा. नोकरी आणि घर सांभाळणाऱ्याला दुसरा बेत झेपेल असे मला वाटत नाही. शुल्क पौंडांत असल्याने रुपया घसरला की आपले अंदाजपत्रकही कोलमडते. म्हणून आधी प्रमाणपत्राच्या टप्प्यापुरता प्रवेश घेऊन पुढचे ठरवणे शहाणपणाचे.

एक मर्यादा मात्र कोणत्याही दूरशिक्षणाला चुकत नाही. सरावाची माहिती आयती हातात येते, तर आपल्या ग्रामीण भागातील सर्वेक्षणात निम्मी वये ४०, ४५, ५० अशी गोल आकड्यांत सांगितलेली असतात, आणि ती ‘दुष्काळाच्या साली जन्म झाला’ अशा उत्तरांवरून बेतावी लागतात. हे कौशल्य गावात बसूनच येते. ज्यांना सूत्रांच्या सिद्धता आणि गणिताची खोली हवी आहे, त्यांनी वैद्यकीय संख्याशास्त्राची वेगळी एम.एस्सी. पाहावी; वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये बायोस्टॅटिस्टिक्सची पदव्युत्तर पदवी आहे आणि तिथे रुग्णालय शेजारीच असल्याचा फायदाही मिळतो.

आता कोणी मास्टर चार्ट घेऊन आले की मी संगणक सुरू करण्याआधी तुलनेचा गट कुठून आणि कसा निवडला, हे विचारतो. बऱ्याचदा उत्तर येते, ‘ओपीडीत जे भेटले ते’.