कार्पेट धुण्याचं मोठं मशीन: घ्यायचं की आहे त्यात भागवायचं?

दसरा जवळ आला की आमच्या धंद्यातल्या माणसाला दोन गोष्टी हटकून सुचतात: पत्रकं छापायची आणि मोठं मशीन घ्यायचं. दिवाळीआधीच्या महिनाभरात सोफ्यांची कामं अशी अंगावर येतात की हातातलं मशीन अपुरं वाटणारच. मी पुण्यात हे काम करतो. सुरुवात टब व्हॅक्यूमवर केली, मग छोटं स्प्रे-एक्स्ट्रॅक्शन मशीन घेतलं आणि पुढे दोन मोटारींचं, हीटरवालं धूडही आणलं. तिन्ही आजही वापरात आहेत. मात्र मोठं मशीन ज्या कामासाठी घेतलं, त्या कामाला मी ते क्वचितच बाहेर काढतो. ते घ्यायच्या विचारात असाल तर पुढचं वाचून मग ॲडव्हान्स द्या.

आधी तिघांची ओळख. टब व्हॅक्यूम म्हणजे डबा आणि वर मोटार. शाम्पू आपणच बाटलीने मारायचा, ब्रशने घासायचं आणि मळकं पाणी ओढून घ्यायचं. छोट्या एक्स्ट्रॅक्टरमध्ये फवारणं आणि ओढणं एकाच हत्याराने होतं. कार्चरचं पुझी 10/1 हे त्यातलं ओळखीचं मॉडेल: स्वच्छ पाण्याची 10 लिटरची टाकी, मिनिटाला 1 लिटर फवारा, 1 बार दाब, 1250 वॉटची मोटार. मोठ्या मशीनमध्ये मोटारी दोन, टाकी कितीतरी मोठी, पंपाचा दाब जास्त आणि बऱ्याच मॉडेलांत पाणी तापवायची सोय.

आता ‘पॉवरफुल’ या शब्दाकडे येऊ, कारण सगळा घोळ तिथेच आहे. दुकानदार वॉट सांगतो. वॉट म्हणजे मोटार वीज किती खाते. पाणी किती ओढते ते नव्हे. ओढण्याचे आकडे दोन. एक लिफ्ट, ती पाण्याच्या स्तंभाच्या मिलिमीटरमध्ये किंवा मिलिबारमध्ये देतात. दुसरा एअरफ्लो, म्हणजे सेकंदाला किती लिटर हवा खेचली जाते. घट्ट लस्सी स्ट्रॉने ओढताना गालांना जो ताण पडतो ती लिफ्ट. स्ट्रॉ जाड घेतली की घोट मोठा येतो, तो एअरफ्लो. लिफ्टमुळे पाणी तंतूंपासून सुटतं आणि एअरफ्लोमुळे ते नळीतून टाकीपर्यंत वाहून जातं.

दोन मोटारी म्हणजे दुप्पट ओढ, हा समज इथेच फसतो. मोटारी शेजारी-शेजारी जोडल्या असतील तर हवा जवळजवळ दुप्पट जाते, पण लिफ्ट एका मोटारीइतकीच राहते. एकीमागे एक जोडल्या तर लिफ्ट वाढते, हवा दुप्पट होत नाही. सोफ्याच्या छोट्या हत्याराची फट अरुंद असते. त्यातून हवाच कमी जाते, त्यामुळे तिथे दुसरी शेजारची मोटार नुसती आवाज करत बसते. रुंद वाँड (कार्पेटवर उभ्याने ओढायचं लांब दांड्याचं हत्यार), लांब नळी आणि हजार-दोन हजार चौरस फुटांचं कार्पेट असेल तेव्हा मात्र तीच मोटार पैसे वसूल करते. दुकानदाराला पहिला प्रश्न हाच विचारा: मोटारी कशा जोडल्यात? उत्तर देताना तो ब्रोशर उलटायला लागला, तर काय ते समजून घ्या.

मग टब व्हॅक्यूम आणि छोटा एक्स्ट्रॅक्टर यांत फरक किती? कागदावरचे ओढण्याचे आकडे अनेकदा एकमेकांना लागूनच असतात. फरक हत्याराचा आहे. एक्स्ट्रॅक्टरचं तोंड कापडाला चिकटून बसतं आणि फवारा अगदी फटीजवळ पडतो, म्हणून साबण खरोखर धुऊन निघतो. टबवर शाम्पूचा अंश मागे राहतो. तो चिकट असतो आणि धूळ धरतो. ‘धुतल्यावर सोफा लवकर मळतो’ ही गिऱ्हाइकाची तक्रार बहुतेक वेळा या उरलेल्या साबणाचीच असते. त्यामुळे टबवरून छोट्या एक्स्ट्रॅक्टरवर जायचं की नाही, यावर मी वेळ घालवणार नाही. जा.

खरा प्रश्न छोट्यावरून मोठ्यावर जायचं का, हा आहे.

मोठ्याच्या बाजूने सगळ्यात जास्त बोललं जातं ते गरम पाण्याबद्दल. गरम पाण्याने तेलकट मळ लवकर सुटतो यात वाद नाही. पण हिशोब मांडून बघा. मिनिटाला 1 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 अंशांवर न्यायचं तर साधारण 2.4 किलोवॉट लागतात. आपल्याकडचा 16 अँपिअरचा पॉइंट 230 व्होल्टला 3680 वॉट देतो. त्यातून 1250 वॉटची एक मोटार वजा केली की उरतात 2430. म्हणजे एका पॉइंटवर एक मोटार, मिनिटाला एक लिटर आणि 60 अंश, इथे गाडी थांबते. दुसरी मोटार किंवा जास्त फवारा हवा तर दुसरा पॉइंट हवा, तोही वेगळ्या एमसीबीवरचा. फ्लॅटमध्ये असे पॉइंट असतात गीझरचे, एसीचे, किचनमधले. बाथरूममधून हॉलपर्यंत वायर ओढायची, तीही 2.5 स्क्वेअर एमएमची. बारीक एक्स्टेंशन लावलं तर व्होल्टेज पडतं आणि पैसे मोजून घेतलेली ओढ वायर गरम करण्यात जाते. पेठेतल्या एका जुन्या वाड्यात माझ्या धुडाने एका तासात तीनदा फ्यूज उडवला. तिसऱ्या वेळी त्या घरचे आजोबा म्हणाले, “अहो, कार्पेट तसंच राहू दे, पण माझी मॅच लावा.” उरलेलं काम छोट्या मशीनवर केलं.

अमेरिकेत व्हॅनमध्ये बसवलेली मशीनं चालतात ती याच कारणाने. तिथे उष्णता इंजिनाची वापरता येते, घराच्या सॉकेटवर काही अवलंबून नसतं. घरं बैठी, भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट, गाडी दारात उभी. आपल्या बाराव्या मजल्यावर नळी न्यायची म्हटली तर वरपर्यंत ओढ काय उरणार? तिथले व्हिडिओ बघून मशीन ठरवू नका. बघायला छान असतात, मीही रात्री जेवताना बघतो.

हीटरचा आणखी एक घरगुती शत्रू म्हणजे टँकरचं पाणी. वाघोलीसारख्या भागात कामं असतील तर बोअरचं जड पाणी मिळणार हे धरून चाला. त्याचा पांढरा थर हीटरच्या नळीत बसतो, फवारा बारीक होतो, पंप कण्हायला लागतो. नियमित सायट्रिक ॲसिड फिरवावं लागतं. छोट्या मशीनला हीटरच नाही, त्यामुळे ती कटकट नाही. माहितीपुस्तिकेत दिलेल्या मर्यादेपर्यंतचं कोमट पाणी गिऱ्हाइकाच्या गीझरमधून टाकीत भरायचं. बहुतेक घरकामांना ते पुरतं.

हेंकेलमधल्या हर्बर्ट सिनर या रसायनतज्ज्ञाने 1959 मध्ये धुण्याचं एक वर्तुळ मांडलं: रसायन, घासणं, उष्णता आणि वेळ. एक कमी पडलं तर बाकीच्यांनी भरून काढायचं. आमच्या धंद्यात सगळ्यात स्वस्त असलेला वेळच कोणी वापरत नाही. शाम्पू मारून दहा मिनिटं थांबा, हातब्रशने घासा, मग ओढा. कोमट पाण्याच्या छोट्या मशीनवरही मळ असा सुटतो की गिऱ्हाईक टाकीतलं काळं पाणी बघून फोटो काढतं. आणि त्याआधी कोरडा व्हॅक्यूम नीट फिरवा. कार्पेटमधला बराचसा मळ म्हणजे कोरडी माती असते. ती ओली केली की चिखल होतो, आणि चिखल ओढायला मग कुठलंही मशीन कमीच पडतं.

पंपाच्या दाबाबद्दल मात्र मला कळकळीने सांगायचंय, कारण तिथे मी स्वतः हात पोळून घेतलेत. जुलैचा महिना, एका ऑफिसचं कार्पेट, खाली जाड बेस. नवीन मशीनचा दाब पूर्ण चढवला आणि खुशीत काम उरकलं. वरून कार्पेट चकाचक. पण पाणी बेसमध्ये गेलं होतं, जिथून वाँड ते परत आणू शकत नाही. बाहेर पाऊस, खिडक्या बंद, शनिवार-रविवार एसीही बंद. सोमवारी सकाळी फोन आला. वास तर होताच, शिवाय खालचे जुने चहाचे डाग तंतूंवाटे पुन्हा वर आले होते. दोन रात्री पंखे लावून वाळवलं, पैसे घेतले नाहीत. ज्यूटच्या पाठीचं कार्पेट असतं तर पिवळट-तपकिरी छटाही आली असती. लोकरीच्या हातगाठीच्या काश्मिरी किंवा भदोहीच्या गालिच्यावर तर एवढा दाब आणि उकळतं पाणी विसराच. आधी पांढरा ओला रुमाल कोपऱ्यावर दाबून रंग सुटतो का बघायचं. सुटला तर काम नाकारायचं.

त्या दिवसापासून एक सवय लागली. हत्यारावरच्या पारदर्शक तुकड्यात बघत राहायचं. पहिल्या ओढीत पाणी सलग धावतं, दुसऱ्या-तिसऱ्यात थेंबांची रांग होते, मग थेंब जागच्या जागी थरथरतात. तिथे थांबायचं. कोरड्या सुती फडक्याची घडी ठेवून त्यावर गुडघा दाबायचा. फडकं नुसतं दमट झालं तर ठीक, ओलं झालं तर अजून दोन कोरड्या ओढी. या परीक्षेत माझं छोटं मशीन सोफ्यावर मोठ्याच्या बरोबरीने उतरतं. कार्पेटवर मात्र मोठं पुढे आहे, ते मान्यच केलं पाहिजे. छोट्याची 10 लिटरची टाकी सलग फवाऱ्यात दहा मिनिटांत संपते. ऑफिसच्या मजल्यावर बाथरूम दुसऱ्या टोकाला असलं की अर्धा वेळ टाकी भरण्यात आणि ओतण्यात जातो.

पण ऑफिससाठी तिसराही पर्याय आहे, ज्याचा विषय मोठं मशीन विकणारे सहसा काढत नाहीत: सिंगल डिस्क मशीन आणि एन्कॅप्सुलेशनचं केमिकल. कार्पेट टाइल्सवर फवारायचं, डिस्कने घासायचं, वाळू द्यायचं. मळ धरून केमिकलचे स्फटिक होतात, मग कोरड्या व्हॅक्यूमने ते निघतात. पाणी अगदी थोडं. नेहमीच्या देखभालीला मी आता हेच करतो. खूप साठलेला मळ, सांडलेली डाळ, लग्नाच्या हॉलचं कार्पेट असलं की धूड बाहेर निघतं.

पैशांचं बघू. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे घाला. समजा मोठं मशीन छोट्यापेक्षा 1,50,000 रुपयांनी महाग आहे. ऑफिसच्या एका कामात ते दोन माणसांचे दोन-दोन तास वाचवतं आणि तासाची मजुरी 150 रुपये आहे. म्हणजे कामामागे 600 रुपये. फरक फिटायला 250 कामं लागतील. आठवड्याला एक काम असेल तर जवळजवळ पाच वर्षं. चार असतील तर सव्वा वर्षाच्या आत. शिवाय पोरं महिन्याच्या पगारावर असतील आणि वाचलेल्या दोन तासांत दुसरं काम नसेल, तर ते 600 रुपये फक्त कागदावर वाचले. मी फसलो तो इथेच. मशीनचा वेग वाढवला आणि कामं होती तेवढीच राहिली.

तेव्हा माझं मत असं. धंदा सोफे, गाद्या आणि घरच्या छोट्या गालिच्यांचा असेल तर एका मोठ्याऐवजी दोन छोटी घ्या. दोन टीम होतात, एक बिघडलं तर दिवस बुडत नाही, आणि अकरा-बारा किलोचं मशीन जिन्याने एकटा माणूस नेतो. उरलेल्या पैशात चांगला कोरडा व्हॅक्यूम आणि दोन ब्लोअर. पावसाळ्यात ब्लोअरइतकी अब्रू कोणी राखत नाही. ऑफिस किंवा हॉटेलचं वर्षाचं कंत्राट हातात, म्हणजे सही झालेलं, असेल आणि टेम्पो आधीच दारात असेल, तर मोठं घ्या. तोंडी आश्वासनावर मात्र ईएमआय सुरू करू नका. जीएसटी नोंदणी असेल तर इनपुट क्रेडिटही हिशोबात धरा; नोंदणी नसेल तर तो कर थेट खिशातून जातो, तेव्हा किमतींची तुलना करसहित करा.

डेमो शोरूममधल्या हातभर तुकड्यावर बघू नका. भाडं द्यावं लागलं तरी चालेल, पण स्वतःच्या गिऱ्हाइकाकडे, पूर्ण नळी लावून, त्याच्याच सॉकेटवर बघा. टाकीच्या झाकणाचं गॅस्केट हाताने चाचपा. फेस झाला की फ्लोट (टाकी भरली की ओढ बंद करणारा तरंगता बूच) वेळेवर बंद होतो का ते बघा, नाहीतर फेस मोटारीत जातो. कार्बन ब्रश आणि पंपाचं किट गावात मिळतं का ते विचारा. हे सगळं झालं की दुकानदाराच्या माणसाला सांगा, आता हे तिसऱ्या मजल्यावर जिन्याने चढवून दाखवा.