कापलेल्या ओळीवर मशीन चालवायचं: आरटीके, कॅमेरा की ड्रोन?

बेलर (काडाच्या गाठी बांधणारं मशीन) किंवा कांदा उचलणारं मशीन भाड्याने चालवत असाल आणि त्याला ऑटो-स्टिअरिंग बसवायचा विचार असेल, तर किंमत विचारण्याआधी एक गोष्ट बघा. तुमच्या गिऱ्हाइकांच्या शेतात ओळ कोण पाडतं, मशीन की मजुरांची टोळी? नाशिक जिल्ह्यात निम्मी निवड याच उत्तरावर होते, असं माझं स्पष्ट मत आहे.

ओळ मशीनने पाडली असेल तर आरटीके, म्हणजे दुरुस्ती घेऊन अचूक केलेलं जीपीएस, घ्या. गव्हाचा हार्वेस्टर पुढे जातो आणि मागे काडाची ओळ सोडतो. तो कुठून गेला याची नोंद ठेवायची आणि तीच रेघ मागून येणाऱ्या बेलरला द्यायची, इतकं हे सरळ आहे. साधं जीपीएस काही मीटर चुकतं, म्हणजे मशीन थेट शेजारच्या ओळीवर जाईल. बेस स्टेशनकडून (स्वतःची जागा नेमकी माहीत असलेल्या स्थिर जीपीएस केंद्राकडून) दुरुस्ती मिळाली की हीच चूक दोन-तीन सेंटीमीटरवर येते. ही दुरुस्ती भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कॉर्स जाळ्यातून (कायमच्या बेस स्टेशनांच्या जाळ्यातून) मोबाईल इंटरनेटवर घेता येते. रेंज येते-जाते अशा गावांत मात्र स्वतःचं बेस स्टेशन लागतं, तो खर्च आधीच धरा. धूळ असो, रात्र असो, आरटीकेला फरक पडत नाही. गव्हात त्याचा आणखी एक फायदा आहे. काड आणि खालचं धसकट एकाच रंगाचं असल्यामुळे कॅमेरा तिथे गोंधळतो.

अडचण एवढीच की नोंद कापणीच्या दिवसाची असते. सोंगून टाकलेलं सोयाबीन वाऱ्याने सरकलं, किंवा अवकाळी पावसात भिजल्यावर सुकवायला पलटवलं, की ओळ एकीकडे आणि रेघ दुसरीकडे. पलटणी करायची असेल तर नोंद त्या शेवटच्या फेरीला घ्या.

आता कांदा. उन्हाळ कांदा काढताना टोळी तो ओळीने मांडते, एका ओळीच्या कांद्यावर पुढच्या ओळीची पात येईल अशी, म्हणजे ऊन थेट लागत नाही. ही ओळ कोणत्याही मशीनच्या नोंदीत नसते. वाफ्याच्या कडेने वळते, मध्येच तुटते. इथे मशीनवरचा कॅमेराच कामाचा. काळ्या मातीवर लालसर कांदा आणि पिवळी पडलेली पात कॅमेऱ्याला छान वेगळी दिसते. पण पातीने झाकलेल्या मांडणीत दोन ओळींमधली फटच दिसत नाही, सगळं रान एकच चटई होऊन जातं. त्यामुळे मशीनने उचलायचं असेल तर सुकवणीनंतर माल मोकळ्या, सुट्या ओळींत ओढून घ्यावा लागेल. त्याची मजुरी हिशेबात धरल्याशिवाय सौदा करू नका.

कॅमेऱ्याचा वेग नीट तपासा. ताशी पाच किलोमीटरने चालणारं मशीन सेकंदाला साधारण 1.4 मीटर पुढे जातं. चित्र ओळखून स्टिअरिंग वळायला अर्धा सेकंद लागला तर तेवढ्यात 70 सेंटीमीटर निघून जातात. म्हणून कॅमेरा उंचावर आणि चार-पाच मीटर पुढे बघणारा हवा. तिरप्या उन्हात सावल्या ओळीसारख्या दिसतात, काचेवर धूळ बसते, ती दिवसातून अनेकदा पुसावी लागते.

लेसर किंवा जोडकॅमेरा (शेजारी-शेजारी बसवलेले दोन कॅमेरे) रंगाऐवजी उंची मोजतो. क्लास कंपनीच्या मोठ्या चारा-कापणी मशीनसाठी ‘कॅम पायलट’ ही अशीच सोय आहे. ओळ धसकटापेक्षा ठळक वर उठलेली असेल तर हा प्रकार मला सगळ्यांत भरवशाचा वाटतो, कारण ओळ कुठे जाड आणि कुठे पातळ तेही त्यातून कळतं. जाड ठिकाणी वेग कमी केला की बेलर तुंबत नाही. सोयाबीनची विरळ ओळ उंच धसकटात बसलेली असेल तर मात्र त्याच्या हाती फार लागणार नाही.

ड्रोनबद्दल सावध करतो, कारण त्याचा नकाशा बघून माणूस लगेच भुलतो. 60 मीटरवरून काढलेल्या फोटोत प्रत्येक ओळ स्वच्छ दिसते. पण ड्रोनवर आरटीके नसेल आणि जमिनीवर मोजलेल्या खुणा मांडल्या नसतील, तर अख्खा नकाशाच दीड-दोन मीटर सरकलेला असू शकतो. कागदावर तो निर्दोष असतो आणि ट्रॅक्टर ओळीच्या शेजारून जातो. त्यातच ओझरचा विमानतळ जवळ. ड्रोन नियम 2021 नुसार विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, त्याहून जवळ मात्र लागते. देवळालीला तोफखान्याचा लष्करी परिसर आहे. उडवण्याआधी डिजिटल स्काय नकाशा (ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणारा सरकारी नकाशा) बघावाच लागतो. किती ओळी आहेत, ट्रॉली कुठे उभी करायची, कोणता तुकडा आधी उचलायचा, एवढ्यासाठी ड्रोन उत्तम. स्टिअरिंग त्याच्या भरवशावर सोडू नका.

एक-दोन एकराचे, बांधाबांधांचे तुकडे असतील तर यातलं काहीच घाईने घेऊ नका. एकराची बाजू जेमतेम 64 मीटर भरते, निम्मा वेळ वळण्यातच जातो आणि वळण ड्रायव्हरच्याच हाती राहतं. सलग दहा-वीस एकर मिळत असतील, किंवा अवजार बँकेकडे शेजारच्या शेतकऱ्यांचं एकत्र काम असेल, तर हिशेब बदलतो. गहू आणि मुरघासाचा चारा जास्त असेल तर आरटीके, आणि त्यावर उंची मोजणारा सेन्सर पुढे कधीही जोडता येईल असा कंट्रोलर. हाताने पाडलेल्या ओळी जास्त असतील तर आधी कॅमेरा.

डेमो विक्रेत्याच्या सपाट रानात बघू नका. दुपारी चारनंतर, सूर्य समोर असताना, तुमच्याच शेतात, टोळीने पाडलेल्या वाकड्या ओळीवर मशीन चालवून दाखवायला सांगा, आणि मध्ये एकदा मोबाईलचं इंटरनेट बंद करून ते काय करतं ते बघा.