टॅलाडेगाला रेस बघायला जाताय? मग स्कॅनर भाड्याने घ्याच

नॅसकारची, म्हणजे अमेरिकेतली स्टॉक कारची, रेस स्टँडमध्ये बसून बघायची असेल तर तिकिटाच्या खालोखाल पैसे घालावेत अशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे स्कॅनर. छोटा रेडिओ आणि सोबत कान पूर्ण झाकणारे जाडजूड हेडफोन, बस एवढंच. रेसच्या दिवशी ट्रॅकबाहेर भाड्याने देणारे स्टॉल लागतात, कार्ड दिलं, डिपॉझिट अडकलं की सगळ्या टीम्सच्या फ्रिक्वेन्सी भरलेला सेट हातात. गाडीचा नंबर टाकायचा की त्या ड्रायव्हरचं, क्रू चीफचं (म्हणजे टीमच्या म्होरक्याचं) आणि स्पॉटरचं बोलणं डायरेक्ट कानात. हेडफोन नसले तरी इयरप्लग तर लागतातच, कारण गाड्यांचा पूर्ण पॅक समोरून जातो तेव्हा आवाज कानाला नाही छातीला लागतो, मग जरा जास्त देऊन हेच घेतलेलं काय वाईट.

आता स्पॉटर म्हणजे कोण, तर प्रत्येक ड्रायव्हरचा एक माणूस स्टँडच्या वर उंच उभा असतो आणि रेसभर बोलत असतो. ड्रायव्हरला मान नीट वळवताच येत नाही हो, हेल्मेट मागून हान्सला, म्हणजे मान सांभाळणाऱ्या साधनाला, बांधलेलं, सीटला दोन्ही बाजूंनी डोक्याला आधार, त्यामुळे शेजारची गाडी कुठे आहे हे त्याला वरचा माणूस सांगतो. "इनसाइड, स्टिल देअर, स्टिल देअर, क्लिअर." तेच तेच सतत, एका सुरात. सुरुवातीला कंटाळा येतो, पण एकदा कानाला सवय झाली की समोरच्या गाड्या बघायची तुमची पद्धतच बदलते, कोण कोणाला ढकलतोय, कोण घाबरून लाइन सोडतोय, सगळं आधी कळायला लागतं.

टॅलाडेगाला तर हे हवंच. अलाबामातला हा ट्रॅक २.६६ मैलांचा आहे, म्हणजे सव्वाचार किलोमीटरच्या वर, वळणांना ३३ अंशांचा उतार, आणि पलीकडच्या सरळ पट्ट्यावर गाड्या गेल्या की स्टँडमधून नुसते रंगीत ठिपके दिसतात. आणि नेमके बरेच राडे तिकडेच होतात. आमच्या वेळीही तसंच झालं. स्पॉटरचा सूर एकदम बदलला, "चेक अप, चेक अप, रेक!", म्हणजे वेग कमी कर, पुढे अपघात, आणि मग मला तिकडे धूर दिसला, आणि मग सगळा स्टँड उभा राहिला. खरंच त्या क्रमाने. लोक ओरडले, टोप्या उडाल्या, पुढच्या रांगेतल्या एकाची बिअर माझ्या बुटावर आली. बाहेर हा कल्ला आणि हेडफोनमध्ये स्पॉटर शांतपणे विचारतोय, "यू ओके?" उत्तर नाही. परत विचारलं. परत काही नाही. भाच्याने माझ्या सेटला जोडलेला दुसरा हेडफोन लावला होता, तो माझा दंड हलवत म्हणाला, "मामा, तो बोलत का नाहीये?"

मी काय सांगणार. शेजारी एक आजोबा होते, साठ-सत्तरीचे, फिकट झालेल्या ३ नंबरच्या टोपीत, त्यांनी माझ्या हेडफोनकडे बोट दाखवून हातानेच विचारलं, काही बोलला का? मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी मोठ्या स्क्रीनकडे बोट केलं, जाळी बघ म्हणून. ड्रायव्हरच्या खिडकीला जाळी असते, तो ठीक असेल तर स्वतःच ती खाली पाडतो, तीच खूण. तोपर्यंत स्टँडमधला आवाज हळूहळू बसत गेला होता, मगाशी सगळ्यात जोरात ओरडणारे आता तोंड मिटून स्क्रीनकडे बघत होते. मग कानात खरखर झाली आणि "आय'म ओके, जस्ट गॉट द विंड नॉक्ड आउट", आणि पाठोपाठ जाळी पडली. त्यानंतर ज्या टाळ्या वाजल्या त्या मगाचच्या आरोळीपेक्षा मोठ्या होत्या. हे मी स्वतः ऐकलंय.

म्हणून सांगतो, "ही लोकं अपघात बघायलाच जातात" हे वाक्य मला पटत नाही. पूर्ण खोटंही नाही म्हणा. आरोळी येतेच, आणि नावडत्या ड्रायव्हरची गाडी भिंतीत गेली की जास्तच येते. याच टॅलाडेगात २००४ साली जेफ गॉर्डन डेल ज्युनियरला मागे टाकून जिंकला तर पब्लिकने ट्रॅकवर बिअरचे कॅन फेकले होते. २००१ ला फ्लोरिडातल्या डेटोना ट्रॅकवर शेवटच्या लॅपमध्ये या ज्युनियरचे वडील, ३ नंबरवाले डेल अर्नहार्ट गेले, त्यांच्या गाडीला स्टर्लिंग मार्लिनच्या गाडीचा धक्का लागला होता, तर लोकांनी त्या बिचाऱ्याला जीवे मारण्याच्या धमक्या दिल्या, शेवटी अर्नहार्टच्या मुलाला पुढे येऊन सांगावं लागलं की त्याला दोष देऊ नका. हे प्रेम म्हणायचं की काय म्हणायचं. पण आरोळी आणि जाळी पडेपर्यंतची ती शांतता, दोन्ही त्याच माणसांची असते, आणि टीव्हीवर दुसरा भाग पोचतच नाही कारण तेव्हा रिप्ले नाहीतर जाहिरात चालू असते.

आणि माहिती नसली की काय होतं त्याचं उदाहरण म्हणजे २०२० ची डेटोना ५००. शेवटच्या सरळ पट्ट्यावर रायन न्यूमन भिंतीत गेला, गाडी उलटली, मागून आलेली गाडी थेट त्याच्या दाराच्या बाजूला आदळली. जिंकलेला डेनी हॅमलिन तिकडे सेलिब्रेट करत होता, लोक भडकले, नंतर त्याच्या टीमचे मालक जो गिब्ज यांनी माफी मागितली, आम्हाला कळलंच नव्हतं म्हणाले. न्यूमन दोन दिवसांनी दोन्ही मुलींचे हात धरून हॉस्पिटलमधून चालत बाहेर आला, तो फोटो बघितला नसेल तर शोधून बघा.

तो चालत आला यामागे वीस वर्षांचं काम आहे. अर्नहार्टच्या आधी वर्षभरात अ‍ॅडम पेटी, केनी अर्विन, टोनी रोपर असे तिघं गेले होते. हान्स, म्हणजे खांद्यांवर बसणारी आणि हेल्मेटला पट्ट्यांनी जोडलेली ती कॉलर, तेव्हा बाजारात होती, पण अर्नहार्ट ती घालत नव्हते, इतरही बरेच घालत नव्हते. २००१ च्या ऑक्टोबरमध्ये मान सांभाळणारं साधन सक्तीचं झालं. २००२ मध्ये इंडियानापोलिसला नेब्रास्का युनिव्हर्सिटीवाल्यांनी बनवलेली सेफर भिंत लागली, स्टीलच्या नळ्या आणि मागे फोम, धक्का पोटात घेणारी. अर्नहार्टनंतर मुख्य मालिकेच्या रेसमध्ये एकही ड्रायव्हर गेलेला नाही. पण सगळं झालं असंही नाही, २०१५ ला काइल बुश डेटोनात नेमका जिथे ती भिंत नव्हती तिथे आदळला आणि पाय मोडून बसला, आणि २०२२ ला नवीन गाडी आल्यावर गाडीची मागची बाजू भिंतीला आदळल्याचा धक्का इतका कडक बसायला लागला की कर्ट बुशचं फुलटाइम करिअर एका कन्कशनमध्ये, म्हणजे मेंदूला बसलेल्या धक्क्यात, संपलं. ती धडक बघायला काहीच नव्हती, ना गाडी उलटली ना आग. स्टँडमधून आपल्याला भयानक वाटतं ते वेगळं आणि डोक्याला लागतं ते वेगळं.

टॅलाडेगाचा तर विनोदच आहे. १९८७ ला बिल इलियटने इथे ताशी २१२.८०९ मैलांनी, म्हणजे साधारण ३४२ किलोमीटरने क्वालिफाय केलं, तो आकडा आजही कोणी मोडलेला नाही. त्याच वीकेंडच्या रेसमध्ये बॉबी अ‍ॅलिसनची गाडी उडून प्रेक्षकांसमोरच्या जाळीत गेली, लोक जखमी झाले. मग इंजिनची हवा अडवणाऱ्या प्लेट आल्या, वेग कमी झाला, आणि सगळ्यांचा वेग सारखा झाल्यामुळे गाड्या एकमेकींना चिकटून पळायला लागल्या. एकाचा तोल गेला की वीस जण जातात. प्रेक्षक वाचवायला केलेल्या उपायातून प्रेक्षकांना उभं करणारा क्रॅश तयार झाला, घ्या. त्यामुळे सीट घेताना खालच्या रांगा स्वस्त दिसल्या तरी घेऊ नका, २००९ ला कार्ल एडवर्ड्सची गाडी इथेच फिनिशजवळ जाळीत गेली होती आणि तुकडे लागून लोक जखमी झाले. वर बसा, दिसतंही जास्त.

आता तक्रारी. मी ज्या स्टॉलवरून घेतला (नाव राहू दे) तिथे रांग भयंकर, माणसं दोन. एका गाडीच्या नंबरवर भलत्याच टीमचं बोलणं येत होतं, सांगायला गेलो तर "रीस्टार्ट करा" म्हणून मोकळे. हेडफोन उन्हात तापतात, कानाच्या गाद्या आधीच्या गिऱ्हाइकाच्या घामाने चिकट, पुसून घ्या. दोन हेडफोन जोडायची वायर वेगळी मागावी लागते, आपणहून देत नाहीत. आणि लहान मुलं सोबत असतील तर लक्षात ठेवा, ड्रायव्हर चिडले की तोंडाला फिल्टर नसतो, भाच्याच्या शब्दसंग्रहात त्या दिवशी बरीच भर पडली, ताईला अजून सांगितलेलं नाही.

पाचपैकी चार. एक स्टार त्या रांगेचा कापला. सेट घेतल्यावर तिथेच चालू करून दोन-तीन नंबर तपासा, बॅटरी किती आहे ते बघा, आणि रेस संपल्यावर लगेच परत द्यायला पळा, नाहीतर डिपॉझिटसाठी तासभर उभे राहाल आणि मग पार्किंगमधून बाहेर पडायला आणखी दोन तास वेगळे.